ओवेन ट्यूडर : घराण्याचा संस्थापक की नुसता नावाचा धनी?

जुनाकागद : काल इथं कुणीतरी ठोकून दिलं की 'राणीच्या कपडेपटातल्या एका वेल्श नोकराने इंग्लंडचं राजघराणं स्थापलं'. डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. ओवेनकडे गादीचा कणभर हक्क नव्हता. त्याची बायको कॅथरीन ही फ्रान्सची राजकन्या, पाचव्या हेन्रीची विधवा. तिच्याकडूनही तो येत नाही. नातवाला, म्हणजे पहिल्या ट्यूडर राजाला, सातव्या हेन्रीला, जो काय हक्क होता तो आई मार्गारेट ब्यूफर्टकडून. तोही लंगडा. १३९७ ला ब्यूफर्ट मंडळी, म्हणजे राजपुत्र जॉन ऑफ गाँटची लग्नाआधीची मुलं, औरस ठरली आणि १४०७ ला चौथ्या हेन्रीने 'राजपद सोडून' अशी पाचर मारली. संस्थापक म्हणायचंच तर मार्गारेटला म्हणा.

बुरुजावरून : आणि मार्गारेट त्या घरात आली कशी? कॅथरीनच्या पहिल्या लग्नातला मुलगा सहावा हेन्री, त्याने सावत्र भाऊ एडमंडला, म्हणजे ओवेनच्या मुलाला, १४५२ मध्ये रिचमंडचा अर्ल (बडा सरदार) केलं, म्हणून १४५५ ला तिच्याशी लग्न जमलं. तो राजाचा भाऊ ठरला ते ओवेन-कॅथरीनच्या लग्नामुळेच ना? शिवाय 'नोकर' काय! वेल्समधल्या अँगलसी बेटावरचं पेनमिनिथचं घराणं ते. त्याच्या चुलत्यांनी ग्लिनदूरच्या इंग्रजांविरुद्धच्या वेल्श बंडात, १४०१ च्या गुड फ्रायडेला, कॉनवीचा किल्ला घेतला होता.

तिरपागडा : लग्न कायदेशीर होतं का पण? १४२७-२८ चा कायदा विसरलात वाटतं.

जुनाकागद : विसरलो नाही, तुम्ही वाचलेला नाही. वयात आलेल्या राजाच्या परवानगीशिवाय विधवा राणीशी लग्न केलं तर नवऱ्याची जमीन जन्मभर जप्त. बस्स. लग्न मोडत नाही, ते चर्चच्या अखत्यारीत. राजा, सहावा हेन्री, तेव्हा सहा वर्षांचा, म्हणजे परवानगी मिळायची सोयच नाही. आणि ओवेनचं जप्त करायला होतं काय?

अब_ओवाइन : सगळे 'ट्यूडर ट्यूडर' करताय, ते आडनावच नव्हे! ओवाइन अप मारेदिथ अप ट्यूडर : स्वतःचं, बापाचं, आजोबांचं नाव. 'अप' म्हणजे मुलगा, पुढे स्वर आला की 'अब'. त्या रीतीने एडमंड झाला असता 'अब ओवाइन'. दर पिढीला शेपूट बदलतं. इंग्रज कारकुनांना एकच कायमचं हवं, त्यांनी साखळीतलं तिसरं उचललं. १४३२ ला त्याला इंग्रजांचे हक्क मिळाले त्या कागदात तर 'फिट्झ मेरेडिथ' आहे. तेच टिकतं तर आठवा हेन्री मेरेडिथ घराण्याचा.

बुरुजावरून : प्रश्न काय, उत्तर काय! नावाची व्युत्पत्ती कुणी मागितली होती?

अब_ओवाइन : 'संस्थापक' म्हणता तेव्हा त्याच्या नावावरच म्हणता ना? ते नाव आजोबांचं. मग आजोबांनाच करा संस्थापक.

तिरपागडा : +१. पणजोबा गोरोनवी उपाशी का ठेवता?

जुनाकागद : चेष्टा पुरे. लग्न नसतं तर अर्लपद नसतं, एवढं बुरुजावरून यांचं मान्य, नाइलाजाने. पण १४६१ ला मॉर्टिमर्स क्रॉसची लढाई हरल्यावर ओवेनला हेरफर्डला नेलं, तेव्हा कुऱ्हाड आणि ठोकळा दिसेपर्यंत त्याला वाटत होतं माफी मिळेल. लाल मखमली डगल्याची कॉलर फाडली तेव्हा खात्री पटली. बॉसवर्थ, म्हणजे नातवाने गादी जिंकली ती लढाई, त्यानंतर चोवीस वर्षांनी. आपण घराणं स्थापतोय हे संस्थापकाला कळू नये?

बुरुजावरून : ही अट लावलीत तर एडमंडही बाद. तो १४५६ च्या नोव्हेंबरात कारमार्थेनला प्लेगने गेला, हेन्री जन्मला पुढच्या जानेवारीत.