वृद्धाश्रमाची पाहणी येतेय, नक्की काय काय तयार ठेवायचं?

सीवूड्सवाली:
नमस्कार मंडळी. आमच्या ट्रस्टचा नेरुळला छोटा वृद्धाश्रम आहे, भाड्याच्या बंगल्यात, तळमजला आणि वर एक, बावीस आजी-आजोबा, त्यातले सहा पूर्ण बेडवर. पुढच्या पंधरवड्यात पाहणीला येणार असं पत्र आलंय आणि तेव्हापासून आमचे विश्वस्त काका रंग काढा, पडदे बदला, कुंड्या आणा एवढंच धरून बसलेत. मी रोजचं कामकाज बघते पण माझं नर्सिंगचं शिक्षण नाही. फायरचे कागद मालकाने द्यायचे की आम्ही? आम्ही धर्मादाय आहोत तरी किचनला फूडचं लायसन लागतं का? आणि मेडिकलच्या बाजूने लोक काय बघतात, कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

निवृत्त सिस्टर, ठाणे:
ताई, काकांना रंग काढू द्या, निदान तेवढा वेळ ते तुमच्या वाटेत येणार नाहीत 😄 तुम्ही औषधांचं कपाट उघडून बसा.

बघणारा माणूस अनुभवी असेल तर तो एका आजींचं नाव घेतो, प्रिस्क्रिप्शन मागतो, औषधांचा तक्ता मागतो आणि त्यांच्या डब्यातल्या गोळ्या मोजतो. तिन्ही जुळलं तर पुढे जातो, नाही जुळलं तर मग सगळंच उकरतो. सगळ्यात जास्त लोक सापडतात ते आधीच मारलेल्या टिकमध्ये, म्हणजे दुपारी तीनला पाहणी आणि रात्री नऊच्या गोळीपुढे सही तयार. गोळी दिली की तिथेच सही, आणि आजोबांनी थुंकून टाकली किंवा घेतलीच नाही तर तसं लिहायचं, मोकळा रकाना सोडायचा नाही. पट्टी कापताना एक्स्पायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा, अर्ध्या ठिकाणी नेमका तोच आधी कापलेला असतो. इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला, दारात नाही, फ्रीझरजवळ तर अजिबात नाही, आणि व्हायल उघडल्याची तारीख पेनने वर लिहा, बहुतेक व्हायल (इन्सुलिनची छोटी बाटली) उघडल्यावर २८ दिवसच चालतात. वारलेल्या माणसांची औषधं कपाटात जपून ठेवायची सवय सगळ्या आश्रमांना असते, ती आजच बाहेर काढा.

बेडवरच्या सहा जणांचा कूस बदलण्याचा तक्ता ठेवा, साधारण दर दोन तासांनी. आणि तो खरा असू द्या, कारण पाठीवर जखम दिसली आणि तक्त्यावर ओळीने बारा सह्या एकाच पेनाने, एकाच अक्षरात असल्या की काय समजायचं ते समोरचा समजतो. कोणाचे हात बांधत असाल तर आत्ताच डॉक्टरांशी बोला, ‘पडतात म्हणून बांधतो’ हे उत्तर चालत नाही. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात. डायपरच्या पिशवीत सुई सापडली तर कचरा उचलणाऱ्या पोराच्या हातात जाते ती, पाहणी असो नसो.

ऐरोलीचा फायरवाला:
मालक की तुम्ही हा वाद घालू नका. महाराष्ट्राचा २००६चा फायरचा कायदा मालक आणि भोगवटादार (जागा वापरणारे, म्हणजे तुम्ही) दोघांनाही धरतो. लायसन असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी (फायरची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यायचा असतो, तो फाइलला हवा. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते स्वतः बघा, टॅगवर विसंबू नका.
पण कागदापेक्षा मला भीती वाटते ती आपल्या नवी मुंबईच्या ग्रिलची. सगळ्या खिडक्यांना ग्रिल, मेन गेटला रात्री कुलूप आणि चावी मावशींच्या उशीखाली. चावी दाराजवळ खुंटीला हवी आणि रात्रपाळीतल्या प्रत्येकाला माहीत हवी. बेडवरचे सहाही जण खालीच ठेवा, वर एकही नको, रात्री दोन बायका त्यांना जिन्यावरून उतरवू शकत नाहीत.

पनवेलचा हिशेबनीस:
आम्ही रायगड जिल्ह्यात, तुम्ही ठाण्यात, ऑफिस वेगळं पण फाइली त्याच. फूडचं: एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) कायद्यात नफा असो वा नसो, दोन्ही येतं, त्यामुळे धर्मादाय म्हणून सुटका नाही. स्वयंपाक करणाऱ्यांची वर्षाची मेडिकल तपासणी करून घ्या. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट ९० दिवसांत जातो, तो गेलाय का बघा. दहा किंवा जास्त स्टाफ असेल तर लैंगिक छळाविरोधातली अंतर्गत समिती पण लागते, हे भलेभले विसरतात. प्रत्येकाचा प्रवेश अर्ज, नातेवाईकांचे दोन नंबर, दागिने-पैशांची नोंद त्यांच्या सहीनिशी. बाकी स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

घोडबंदर रोड:
माझी आई अशाच एका ठिकाणी आहे म्हणून नातेवाईकांच्या बाजूने बोलते. पाहणीच्या दिवशी सगळ्यांना नव्या साड्या नेसवून ‘सगळं छान आहे म्हणा’ असं पढवू नका हो. म्हाताऱ्या माणसांना ते कळतं आणि मग त्या मुद्दाम उलटं बोलतात, माझी आई तर नक्कीच बोलेल. अधिकाऱ्यांना एकट्याने बोलू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ नंबर मोठ्या अक्षरात लावा, आणि तो ऑफिसात नाही, फोन त्यांच्या हाताला येतो तिथे.

सीवूड्सवाली:
खूप आभार सगळ्यांचे. चावीला आजच खुंटी मारली. वरच्या मजल्यावर बेडवरचे दोघं आहेत, त्यांना खाली आणायचं तर काकांचं ऑफिस जाईल, बघू, भांडण होणार. सिस्टर, एक अडचण आहे, आमची सिस्टर आठला जाते आणि नऊच्या गोळ्या रात्रीच्या मावशी देतात, त्यांना लिहितावाचता येत नाही. तक्त्यावर अंगठा चालेल का?

निवृत्त सिस्टर, ठाणे:
अंगठ्याचा प्रश्नच नाही ताई, ज्यांना पट्टीवरचं नाव वाचता येत नाही त्यांनी गोळी द्यायचीच नाही. डॉक्टरांना यादी दाखवून विचारा की नऊच्यातल्या कुठल्या गोळ्या साडेसातला हलवता येतील, बऱ्याच हलतात, आणि ते त्यांच्याकडून लिहून घ्या. ज्या हलणार नाहीत तेवढ्यासाठी सिस्टर साडेनऊपर्यंत थांबेल का विचारा, तिला रिक्षाचं भाडं द्या. कुंड्यांच्या बजेटमधून निघेल.