'रन'ला तुर्कीत काय म्हणाल?

प्रश्न :
इंग्रजी 'रन'पुढे शब्दकोशात पहिला तुर्की शब्द दिसतो तो 'कोशमाक'. पण इंग्रजीत नाकही 'रन' होतं, दुकानही, बसही, प्रोग्रामही. मीठ 'रन आउट' होतं आणि पुढारी निवडणुकीत 'रन' करतो. यात 'कोशमाक' कुठपर्यंत चालतं? जिथे चालत नाही तिथे काय वापरायचं?

उत्तर :
पायांनी धावण्यापुरतं चालतं. 'कोशुयोर' म्हणजे तो किंवा ती धावते आहे. (तुर्कीत तो-ती-ते सगळ्यांना एकच सर्वनाम, 'ओ'.) 'कोशु बांदि' म्हणजे ट्रेडमिल. लाक्षणिक अर्थाने एक वापर आपल्यासारखाच आहे : 'यार्दिमा कोश्तु', मदतीला धावला. आणखी दोन वापर अनपेक्षित आहेत. 'शार्त कोशमाक' म्हणजे अट घालणे, यातली 'शार्त' म्हणजे आपली शर्तच. आणि घोडा गाडीला जुंपणे हेही 'कोशमाक'. त्यामुळे 'कोशुम ताकिमि' दिसलं तर तो धावण्याचा पोशाख समजू नका, ते घोड्याचं जुंपणीचं सामान आहे.

बाकी ठिकाणी 'कोशमाक' विसरा. ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी 'रन'च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ काढल्याची बातमी २०११मध्ये गाजली होती. त्या सगळ्यांना एक तुर्की शब्द कसा पुरेल?

त्यावर :
हे ठीक, पण शब्द निवडायचा कसा? पाठांतर सोडून काही रीत आहे का?

उत्तर :
आहे, आणि मराठी माणसाला ती आयती मिळालेली आहे. इंग्रजी वाक्य थेट तुर्कीत नेऊ नका, आधी मराठीत म्हणून बघा. इंग्रजीत यंत्र स्वतः 'रन' होतं आणि माणूस यंत्राला 'रन' करतो, क्रियापदाचं रूप तेच. मराठीत लगेच दोन होतात : यंत्र चालतं, माणूस यंत्र चालवतो. तुर्कीतही नेमकं हेच होतं. 'चालिश्माक' म्हणजे काम करणे, यंत्राचं चालणे. मध्ये 'तिर' घातला की 'चालिश्तिर्माक', चालवणे. विंडोजच्या तुर्की आवृत्तीत 'रन'च्या खिडकीवर 'चालिश्तिर' लिहिलेलं असतं, 'कोश' नाही.

प्रयोजक करताना मात्र सगळीकडे 'तिर' चिकटवू नका, सर्वात जास्त चुका इथेच होतात. 'कोशमाक'चं 'कोश्तुर्माक' होतं, पण 'काचमाक' (पळून जाणे) याचं 'काचिर्माक', 'आकमाक' (वाहणे) याचं 'आकित्माक' आणि 'इश्लेमेक' (चालू असणे) याचं 'इश्लेतमेक'. 'काच्तिर्माक' ऐकलं की समोरचा ओळखतो, हा शिकाऊ आहे. आपल्याकडे 'पळ'चं 'पळव' होतं म्हणून 'मर'चं कोणी 'मरव' करत नाही, 'मार' करतो, तसंच समजा.

उच्चाराचं : 'चालिश्माक'मधला 'लि' आपला नाही. तुर्कीत बिनटिंबाचा एक 'आय' आहे. जीभ मागे ओढून, ओठ न ताणता, 'इ' आणि 'अ'च्या मधे कुठेतरी म्हणायचा. आणि 'च' नेहमी 'चहा'तला, 'चमचा'तला कधीच नाही.

पुरवणी :
धंदा आणि वाहतूक यांचं वेगळं सांगायला हवं. दुकान चालवणे म्हणजे 'इश्लेतमेक'. 'बाक्काल इश्लेतियोर', तो किराणा दुकान चालवतो. हा 'बाक्काल' म्हणजे वाणी-बकालातला बकाल. आपल्याकडे पुढे त्याला वस्तीच्या कळकटपणाचा अर्थ चिकटला, तिकडे तो अजून सन्मानाने तेल-साबण विकतो. 'इश्लेतमेक' मात्र जपून वापरा, कारण माणसाला 'इश्लेतमेक' म्हणजे त्याची फिरकी घेणे. 'बेनि इश्लेतियोर्सुन' म्हणजे तू माझी खेचतोयस. मंत्रालय किंवा संस्था सांभाळण्याला 'योनेतमेक'.

बस किंवा बोट 'रन' होते तेव्हा 'इश्लेमेक' चालतं, पण फलकांवर आणि सूचनांत 'सेफेर' हा शब्द दिसेल. इस्तंबूलला लोदोस हा दक्षिणेचा वारा सुटला की एमिनोन्यु-कादिक्योय बोटींच्या 'सेफेर' इप्ताल, म्हणजे रद्द होतात. 'सेफेर' म्हणजे आपली सफर, पण अर्थाने ती 'खेप' आहे. तुर्कीत 'बु सेफेर' म्हणजे 'या वेळी', आणि आपणही 'या खेपेला' म्हणतोच! जाण्या-येण्याची फेरी आणि वेळ, दोन्हींना एकच शब्द. 'एक सेफेर' मात्र एक फेरी नव्हे, तुर्कीतला हा 'एक' म्हणजे जादा. सणासुदीला सोडलेल्या जादा गाड्या त्या 'एक सेफेर'.

त्यावर :
नाक, नळ, ताप?

उत्तर :
नाकाला 'आकमाक'. 'बुर्नुम आकियोर', माझं नाक वाहतंय. नदीलाही तेच. छत गळण्यालाही तेच, म्हणून नळाला 'आकियोर' म्हटलं तर पाणी सोडलंय की नळ गळतोय हे संदर्भावरून ठरतं. ताप 'रन' होत नाही, चढतो : 'आतेशि चिक्ति'. 'आतेश' म्हणजे आग आणि तापही, आतषबाजीतला 'आतष' तोच. औषधाच्या दुकानात आकडा सेल्सियसमध्ये सांगा. १०२ फॅरेनहाइट म्हणजे साधारण ३९, 'ओतुझ दोकुझ'.

शंका :
कपड्याचा रंग जातो, आणि पायमोज्याला जी उसवलेली रेघ पडते तिलाही इंग्रजीत 'रन' म्हणतात. तुर्कीत?

उत्तर :
रंगाला 'रेंक वेर्दि', रंग दिला. 'रेंक' हा फारसी रंगच. 'रेंक वेर्मेदि' मात्र माणसाबद्दल असेल तर चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, असा अर्थ.

पायमोज्याचं उत्तर सुंदर आहे : 'चोराबिम काच्ति', माझा मोजा पळून गेला. हे 'काचमाक' नीट शिकून घ्या. 'उय्कुम काच्ति', झोप पळाली (आपली उडते). 'केय्फिम काच्ति', मूड गेला. त्याचं प्रयोजक 'काचिर्माक' : 'ओतोब्युस्यु काचिर्दिम', मी बसला पळू दिलं, म्हणजे माझी बस चुकली. आणि मुलगी पळवून नेणे हेही 'काचिर्माक'. म्हणजे 'पळणे'वरून 'पळवणे' जसं अपहरणापर्यंत पोचलं, अगदी तसंच.

पुरवणी :
राहिलेलं भराभर. संपणे : 'बितमेक'. 'तुझ बित्ति', मीठ संपलं. पार संपून गेलं असेल तर 'त्युकेनमेक'. ऑनलाइन दुकानात मालावर 'त्युकेन्दि' दिसलं की तो नाद सोडा. बॉलपेनला तुर्कीत 'त्युकेनमेझ कालेम' म्हणतात, न संपणारी कलम. संपते अर्थातच.

निवडणुकीला उभं राहणे : 'आदाय ओल्माक', शब्दशः उमेदवार होणे. ना धावणं, ना उभं राहणं.

गाडीखाली येणे : 'केदियि एझ्दि' म्हणजे मांजर चिरडलं, 'केदिये चार्प्ति' म्हणजे मांजराला धडक दिली. 'एझमेक'ला कर्म द्वितीयेत, 'चार्पमाक'ला चतुर्थीत, दोन्हींची गल्लत करू नका. अपघाताच्या जबाबात हा फरक महागात पडेल.

'इन द लाँग रन' : 'उझुन वादेदे', दीर्घ मुदतीत. 'वादे' म्हणजे आपला वायदा. शेअर बाजारातल्या वायदे व्यवहारांना तिकडे 'वादेलि इश्लेम' म्हणतात, तेव्हा वायदेबाजार कळणाऱ्याला हा शब्द पाठ करावाच लागणार नाही.

त्यावर :
एक दुरुस्ती. सॉफ्टवेअरवाली तुर्की मंडळी 'तेस्त कोशमाक', चाचणी धावणे, सर्रास म्हणतात. मग 'कोशमाक विसरा' कसं?

उत्तर :
म्हणतात खरं, आणि तेवढ्याच सर्रास 'तेस्त कोशुमु'ही. ती इंग्रजीची सरळ नक्कल आहे, आपल्याकडे 'कोड रन मारला' म्हणतात तशी. त्या कचेरीत काम करत असाल तर खुशाल म्हणा. सूचनापुस्तिकेत लिहाल तेव्हा 'चालिश्तिर्माक'च लिहा.