मदत हवी आहे: मराठी यहुदी कीर्तनांच्या चाली

नमस्कार मंडळी,

ठाण्यात बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी यहुदी, घरांतल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांना दर रविवारी धर्म शिकवते. पुस्तक उघडलं की चुळबुळ सुरू. पण सिम्हत तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या सणाच्या, सात फेऱ्या टाळ्या वाजवत, गोल फिरून घेतल्या, तर पोरं थांबेनात! मलिद्याचं, म्हणजे आपल्या नवस-आभाराच्या विधीचं, ताटही रंगवलं: गोड पोहे, खोबरं, फळं. एकीने एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांच्या रथाच्या चाकांना ज्वाळा काढल्या, पार कागदाबाहेर.

१८८० च्या सुमारापासून आपल्या लोकांनी योसेफ, मोशे यांच्यावर मराठी कीर्तनं रचली. कुणाच्या आजीला त्यांच्या चाली येतात का? दोन कडवी मोबाईलवर गाऊन पाठवाल? हातवारे मी बसवेन. इस्राएलमधल्या मंडळींनीही जरूर कळवा.