इंटिग्रिन चालू करणारा रेणू सूज कमी कसा काय करतो?

पेशीवेडी: एमएस्सीच्या सेमिनारला ल्युकॅडेरिन-१ घेतलंय. हा रेणू न्यूट्रोफिलवरचं (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) सीडी११बी/सीडी१८ इंटिग्रिन (पेशीला चिकटायला लावणारं प्रथिन) ऍक्टिव्हेट करतो, म्हणजे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला जास्त घट्ट चिकटणार, मग जास्त पेशी आत शिरून सूज वाढायला पाहिजे ना? पण २०११ च्या पेपरात उंदरांची सूज उलट कमी झालीये. गाईड म्हणतात तूच शोध 😭

लॅबमधला_दादा: चिकटणं आणि आत शिरणं तू एकच धरतेयस. भिंतीवरून सरकायचं तर पेशीला पुढे धरावं लागतं आणि मागचं सोडावंही लागतं. एरवी टॅलिन, किंडलिन ही पेशीतली प्रथिनं आतून इंटिग्रिनच्या बीटा साखळीच्या (सीडी१८) शेपटीला लागली की वाकलेलं इंटिग्रिन ताठ होतं, काम झालं की परत मिटतं. हा रेणू ते उघडंच ठेवतो, मग पेशी फणसाच्या चिकात बोटं अडकावीत तशी तिथेच. आणि हो, तो लायगंडच्या (इंटिग्रिन ज्याला धरतं तो रेणू) जागेवर बसत नाही, अल्फा साखळीच्या (सीडी११बी) आय डोमेन नावाच्या भागावर बाजूला बसतो, हे स्लाइडवर टाकच. मँगनीजचा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) पण विचारतील, त्यानेही इंटिग्रिन चालू होतं.

रिटायर्ड_फार्मा: इंटिग्रिन बंद करणाऱ्या औषधांचा इतिहास पण थोडा घे. सोरायसिसचं एफालिझुमॅब मेंदूच्या पीएमएल इन्फेक्शनमुळे २००९ मध्ये बाजारातून गेलं, एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) नॅटालिझुमॅब २००५ ला त्याच कारणाने थांबवलं आणि २००६ ला कडक अटींवर परत आणलं. प्लेटलेटचं इंटिग्रिन बंद करणाऱ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या ट्रायल्समध्ये तर मृत्यू वाढले, एक स्पष्टीकरण असं देतात की ह्या गोळ्या त्या जागेवर बसताना इंटिग्रिनला स्वतःच उघडत होत्या. म्हणून चालू करणारा म्हणजे सेफ असं बिनधास्त लिहू नकोस, कुठल्या पेशीवरचं कुठलं इंटिग्रिन हे आधी बघ.

पेशीवेडी: आत्ता डोक्यात शिरलं, थँक्यू! मग एलएडी-१ च्या (प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार) बाळांना हे देता येईल का? त्यांच्यात पण सीडी१८ चाच प्रॉब्लेम असतो ना?

लॅबमधला_दादा: नाही गं, तिथे सीडी१८ बनतच नाही किंवा फारच कमी बनतं, चालू करणार काय? नाळ उशिरा पडते, इन्फेक्शन होतं पण पू होत नाही, आणि सिव्हियर केसला बोन मॅरो ट्रान्सप्लांटच करावा लागतो. त्यापेक्षा २०१९ चं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं उंदरांमधलं काम वाच, एडीएच-५०३ नावाने, सीडी११बी चालू केल्यावर ट्यूमरमधल्या मायलॉइड पेशी (न्यूट्रोफिलच्या गटातल्या पांढऱ्या पेशी) कमी झाल्या आणि टी-सेल्सचं (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काम सुधारलं.