म्युझिक फ्रॉम बिग पिंक : ४५ची प्रत ठेवू की जुन्या मिक्सची शोधू?

पिनवाला

मंडळी, आधी माझा गाढवपणा ऐका, मग प्रश्न.

'द बँड' या रॉक गटाचा हा पहिला अल्बम, १९६८चा. कॉलेजात मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकलेला. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. परवा त्याची पन्नाशीची एलपी मिळाली, २०१८ साली निघालेली. जाडजूड दोन तबकड्या. पिन ठेवली, 'टिअर्स ऑफ रेज' सुरू झालं. मुळातच रडवेलं, संथ गाणं. रिचर्ड मॅन्युएलचा आवाज लागला आणि मी मनात म्हटलं, व्वा, काय खर्ज येतो! डोळे मिटून मान डोलवत बसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "याला बरं नाहीये का?"

तेव्हा लेबल पाहिलं. मिनिटाला ४५ फेऱ्या! मी ३३वर लावली होती.

माझ्या प्लेअरला वेग बदलायचा खटका नाही, प्लॅटर उचलून पट्टा कप्पीच्या मोठ्या खाचेत घालावा लागतो. घातला. आवाज जागेवर आला, पण गाणी ओळखीची वाटेनात. प्रत्येक वाद्य सुटं सुटं, लख्ख. मध्येच स्टुडिओतली बोलणी. नवं मिक्स आहे म्हणे, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगमधले आवाज नव्याने जुळवलेले. ठेवू की परत करू?

काळीचार

पाकीट फोडलेली एलपी कोण परत घेणार, राव!

वहिनींचा कान मात्र पक्का. ४५ची तबकडी ३३वर लावली की वेग पाऊणपट होतो. पेटीवर मोजा, पाच पट्ट्या खाली आणि वर थोडं. षड्ज मंद्र पंचमात. काळी चारचा गवई काळी दोनमध्ये जाऊन बसला, वर लयही मेली.

४५ करण्यात अर्थ आहे बरं का. तबकडीच्या आतल्या भागात घेर लहान होत जातो, तिथे झांजा आणि 'स'कार चिरकतात. फेऱ्या वाढवल्या की त्याच स्वराला खाचेत जास्त लांबी मिळते. किंमत म्हणजे बेचाळीस मिनिटांचा अल्बम चार बाजूंना वाटला गेलाय. तीन गाणी झाली की उठा. गुडघ्यांना व्यायाम.

तळघर

नवं मिक्स बॉब क्लिअरमाउंटनचं, मूळ टेपवरून केलेलं. लेव्हन हेल्मचे ड्रम छान उघडलेत, 'चेस्ट फीव्हर'मधला गार्थ हडसनचा ऑर्गन तर छातीवर येतो. पण मला पटलं नाही. निर्माता जॉन सायमनच्या मूळ अल्बममध्ये पाचही जण चाळीतल्या एका खोलीत राहतात. एकाचा घास दुसऱ्याच्या ताटात. नव्यात प्रत्येकाला वन बीएचके मिळालाय. 'वी कॅन टॉक'मध्ये तिघे एकमेकांच्या ओळी तोंडातून काढून घेतात, ती मजा गर्दीची आहे. गर्दी विरळ केली की उरतं काय?

नवखा_श्रोता

पण हे नावातल्या 'बिग पिंक' या गुलाबी घराच्या तळघरातच रेकॉर्ड केलं ना? मग खोलीचा आवाज आपोआप येणारच.

तळघर

नाही हो. न्यूयॉर्क राज्यात वेस्ट सॉगर्टीजला ते घर आहे. तिथल्या तळघरात १९६७ साली गायक बॉब डिलनबरोबर जे वाजवलं त्याच्या टेप वेगळ्या. या अल्बमची गाणी तिथे शिजली, पण रेकॉर्डिंग न्यूयॉर्क शहर आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. कव्हरवरचं हत्तीवालं चित्र मात्र डिलननेच काढलंय.

पिनवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री तळघरभाऊंचं वाचून मूळ मिक्स फोनवर लावून दोन्ही आळीपाळीने ऐकली. 'द वेट' जुनंच बरं. त्यात शेवटी आवाज एकावर एक चढतात तेव्हा कोण कुठला हे कळूच नये. पण 'लोन्सम सूझी' नव्या प्रतीतलं ऐकून मी गप्प झालो. मॅन्युएल माझ्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून गातोय असं वाटलं. त्या एका गाण्यासाठी ठेवतोय. जुन्या मिक्सच्या प्रतीचा शोध चालूच आहे, बायकोला सांगू नका.

जाता जाता. रात्री पट्टा परत हलवायचा राहिला. सकाळी तिने नेहमीची अभंगांची एलपी लावली, विठ्ठल पळत सुटला. आता झाकणावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "आधी पट्टा बघा."