पेंडिंग : प्रलंबित, थकीत की नुसतंच राहिलेलं?

एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करतोय. इंग्रजीत पानोपानी ‘पेंडिंग’ आहे आणि मी सगळीकडे ‘प्रलंबित’ लिहून मोकळा झालो. सचिवांनी ‘प्रलंबित हप्ते’ला लाल खूण करून कागद परत पाठवलेत. काय लिहावं?

— हप्त्याची तारीख उलटली असेल तर ‘थकीत’. तारीख अजून यायची असेल तर ‘बाकी’. कर्जाचा अर्ज ‘विचाराधीन’, कोर्टातला दावा ‘प्रलंबित’. इंग्रजी शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो. काम कुणामुळे अडलंय ते सांगावं लागत नाही. कचेऱ्यांमध्ये तो एवढा लाडका का, ते यावरून कळावं.

— कचेरीवरून आठवलं. आमचे साहेब विचारायचे, ‘घोडं कुठे पेंड खातंय?’ पेंडिंग त्या पेंडीवरूनच आला असणार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती!

— पेंडीचा संबंध नाही, पण मूळ मजेदार आहे. लॅटिन ‘पेंडेरे’ म्हणजे लटकणं, लोंबणं. संस्कृत ‘लम्ब्’ धातूचाही अर्थ तोच. आता जोड्या लावा: पेंड्युलम–लंबक, डिपेंड–अवलंबून, सस्पेंड–निलंबित, पेंडिंग–प्रलंबित. चौकशी प्रलंबित आणि कर्मचारी निलंबित, म्हणजे दोघंही एकाच खुंटीला टांगलेले. यातले काही शब्द इंग्रजीसाठी मुद्दाम घडवले गेले, पण ‘प्रलंब’ स्वतः जुना आहे. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात स्तूपावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे, त्या आसनाला प्रलंबपादासन म्हणतात. तिथे काही अडलेलं नाही, पाय फक्त खाली सोडलेले आहेत. (विलंबही याच घरातला. त्याला मात्र उशिराचा डाग लागला.)

— वकील म्हणून भर घालतो. पेंडिंग म्हणजे रखडलेलं, हा अर्थ आपण चिकटवला. काल दाखल झालेला दावाही पेंडिंगच. निकाल लागलेला नाही, एवढंच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 52 याच कल्पनेवर उभं आहे. जमिनीच्या हक्काचा दावा चालू असताना कुणी ती विकत घेतली, तर निकाल त्या खरेदीदारालाही बांधतो. आपल्याकडे महाराष्ट्रात 1939 च्या दुरुस्तीमुळे त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवावी लागते. अशील ‘केस लटकलीय’ म्हणतो तेव्हा तो चिडलेला असतो. कायद्यातलं ‘पेंडिंग’ निर्विकार आहे.

आणखी एक. ‘पेंडिंग इन्क्वायरी’ने सुरू होणारा आदेश असेल तर तिथे ‘प्रलंबित चौकशी’ साफ चूक. ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ लिहावं.

— मग ‘भिजत घोंगडं’?

— ते अहवालात नको! त्यात कुणीतरी निर्णय घ्यायचं टाळतंय, असा आरोप येतो. सभेत खुशाल म्हणा.

— सगळ्यांचे आभार. हप्ते थकीत केले, अर्ज विचाराधीन, वसुलीचे दावे प्रलंबित. लेखापरीक्षणानंतरची ‘पेंडिंग दोषदुरुस्ती’ तेवढी उरलीय. ‘राहिलेली’ चालेल का, की फार घरगुती वाटतं?

— चालेल की. सभासदांना वाचायचंय ना?