मदत हवी आहे: खंडेनवमीची यंत्रपूजा आणि ख्रिस्ती विश्वास

सर्वांना जय ख्रिस्त. चाकणच्या एका कारखान्यात मी नुकताच पर्यवेक्षक झालो असून, प्रथेप्रमाणे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून नारळ फोडण्याचा मान माझ्याकडे येणार आहे. सहकाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे. बायबलमध्ये, रिम्मोन या दैवताच्या मंदिरात आपल्या राजाबरोबर वाकावे लागणाऱ्या अरामी सेनापती नामानाला अलीशा संदेष्टा शांतीने जाण्यास सांगतो (२ राजे ५); प्रेषित पौल मात्र, बाजारातील मांस खाण्यास मोकळीक देऊनही, ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितल्यास खाऊ नये असे बजावतो (१ करिंथ १०). मला पौलाचे म्हणणे अधिक लागू वाटते, कारण येथे मी नुसता उपस्थित नसून पूजा करणारा असेन. त्या दिवशी रजा टाकून तोंड चुकवणे पटत नाही. देवावर भरवसा ठेवून, कोणाला न दुखावता नकार कसा द्यावा आणि प्रसाद घ्यावा का, हे अशा प्रसंगातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.